प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : ब्रूबेक चौकडी आणि निसटणारी सम

प्रश्न : अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीच्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलमधल्या ध्वनिमुद्रणात ‘टेक फाइव्ह’ आणि ‘ब्लू राँडो अला टर्क’ ऐकताना माझी सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सुटते. तबला थोडाफार शिकलो आहे. मोजायचे कसे? – एक वाचक, सांगली

उत्तर : अडचण बहुधा तबल्याच्या सवयीचीच आहे. पाच मात्रा म्हटल्या की कान झपतालातले २+३ शोधतो. ‘टेक फाइव्ह’ आहे ३+२. उलटे विभागले की चौथी मात्राच सम वाटू लागते, आणि ती तशी वाटतही छान राहते, म्हणून चूक कळत नाही. त्यात पॉल डेसमंडच्या सॅक्सोफोनची चाल समेच्या आधीच उचलते. तेव्हा आधी सॅक्सोफोन सोडा आणि यूजीन राइटचा डबल बेस धरा. त्याचे जड स्वर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पडतात. टाळी तिथेच द्या : एक लांब, एक आखूड. कार्नेगीतली लय मूळ स्टुडिओतल्या मुद्रणापेक्षा चढी आहे, त्यामुळे ते मुद्रण आधी ऐकून हात बसवावा.

‘ब्लू राँडो’मध्ये नऊ मात्रा सुट्या मोजू नका, जीभ अडखळते. ‘तक तक तक तकिट’ असे म्हणा : ‘तक’च्या दोन मात्रा, ‘तकिट’च्या तीन. हे तीन वेळा, आणि चौथ्या आवर्तनात ‘तकिट तकिट तकिट’. मात्रांची गती सगळीकडे सारखी हवी. बहुतेकांचे चुकते ते शेवटच्या ‘तकिट’मध्ये : आधीच्या तीन ‘तक’च्या वेगात तो दोन मात्रांत उरकला जातो आणि पुढची सम लवकर येते. हा ठेका ब्रूबेकने १९५८मध्ये इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता. एकल वादन मात्र साध्या चार मात्रांच्या ब्लूजमध्ये आहे. तिथे नऊ मोजत बसू नका.

सरावाला आधी ‘इट्स अ रॅगी वॉल्ट्झ’ घ्या, त्यात तीनच मात्रा आहेत. नंतर ‘थ्री टू गेट रेडी’ : तीनची दोन आवर्तने, चारची दोन. ‘कॅस्टिलियन ड्रम्स’ सर्वांत शेवटी. तेही पाच मात्रांचे, पण जवळजवळ चौदा मिनिटांच्या या रचनेचा बहुतेक भाग ड्रमवादक जो मोरेलो याच्या एकट्या ड्रम्सचा आहे आणि सम दाखवायला दुसरे वाद्य नसते. तिथवर टिकलात तर लय पक्की झाली समजा.

प्रश्न : याच कार्यक्रमाची जुनी एलपी मिळते आहे. प्रत्येक बाजूच्या शेवटी आवाज फाटतो. तबकडी खराब आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नक्की सांगता येण्याआधी दुसरी एलपी लावून बघा. बाहेरच्या खोबणीत तबकडी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, आतल्या खोबणीत जेमतेम २१. तेच स्वर दाटीवाटीने कोरलेले असतात, आणि सुई वाकडी बसली असेल तर ती चुकते. सगळ्याच तबकड्या शेवटी फाटत असतील तर कार्ट्रिजची (सुई धरणाऱ्या भागाची) बसवणी तपासा. सुईचे वजन फार हलके ठेवू नका, कंपनीने दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवा. सुई ब्रशने मागून पुढे झाडा. हीच तबकडी फाटत असेल आणि तिरप्या उजेडात खोबणी करडी दिसत असेल, तर ती जुन्या प्लेअरच्या सुई धरणाऱ्या जड दांडीने झिजवली आहे. त्याला उपाय नाही, घेऊ नये. कोलंबिया कंपनीच्या मूळ संचात दोन तबकड्या आहेत : स्टिरिओचा क्रमांक सी२एस ८२६, मोनोचा सी२एल २६. दोन्ही तबकड्या आत आहेत ना, ते बघूनच पैसे द्या.

प्रश्न : ब्रूबेक मुंबईत आला होता तोच हा दौरा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कार्नेगीचा कार्यक्रम २२ फेब्रुवारी १९६३चा; न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांचा संप चालू असूनही सभागृह भरले होते. भारतभेट १९५८ची, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यातली. त्या वेळी मुंबईत ब्रूबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवायला बसला होता. त्या दौऱ्याचा ठसा ऐकायचा तर त्याच वर्षीच्या ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’मधले ‘कॅलकटा ब्लूज’ ऐका.