घड्याळाशी शर्यत, पण पोट कशावर?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. सायकलच्या घोळक्यातल्या शर्यतीत तो मागे पडतो. पण एकट्याला घड्याळ लावून सोडलं की आमच्या भागात त्याच्या जवळपास कुणी येत नाही. आता म्हणतो, मी टाइम ट्रायलच करणार, त्यातच करिअर. यावर खरंच कुणी जगतं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, जगतं. पण कसं, ते इंग्लंडचा सायकलपटू ख्रिस बोर्डमन याच्यावरून सांगतो.

हा मूळचा सुतार. १९९२ साली हाताला काम नव्हतं आणि त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चार किलोमीटरच्या पर्सूटचं, म्हणजे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी निघून एकमेकांचा पाठलाग करायच्या शर्यतीचं, सुवर्ण घेतलं. अंतिम फेरीत समोरच्या जर्मन गड्याला त्याने मागून चक्क गाठलं! तरी व्यावसायिक संघाचं दार उघडलं ते पुढच्या वर्षी. फ्रान्समधल्या बोर्दोच्या ट्रॅकवर एका तासात ५२.२७० किलोमीटर काढून त्याने विश्वविक्रम केला. त्या दिवशी टूर द फ्रान्स ही फ्रान्सची सगळ्यात मोठी सायकल शर्यत त्याच गावात मुक्कामाला होती, म्हणजे सगळे संघमालक आणि पत्रकार आयते हजर. मग एका फ्रेंच संघाने त्याला घेतलं.

१९९४च्या टूरची पहिली, घड्याळाची फेरी लीलला झाली. ७.२ किलोमीटर, ७ मिनिटं ४९ सेकंद, ताशी ५५ किलोमीटरच्या वर. आधीच्या तीन टूर जिंकलेला इंदुराइन १५ सेकंदांनी मागे. पहिल्याच टूरला पहिल्याच दिवशी आघाडीवरच्या गड्याची पिवळी जर्सी! त्याच वर्षी टाइम ट्रायलचं पहिलंवहिलं विश्वविजेतेपदही त्याचंच.

आता दुसरी बाजू. टूर तीन आठवड्यांची असते आणि डोंगर लागले की हा मागे. १९९५ला पावसात, पहिल्याच फेरीत पडला, घोटा मोडला. १९९८ला डब्लिनची फेरी जिंकून पिवळी जर्सी घातली आणि दोन दिवसांत तीच जर्सी अंगावर असताना पडून शर्यतीबाहेर. पुढे हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं. उपचाराला लागणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्पर्धकांना बंद. २०००मध्ये त्याने जुन्या पद्धतीच्या साध्या सायकलवरचा, वेगळा धरला जाणारा तासाचा विक्रम केला, ४९.४४१ किलोमीटर. बेल्जियमचा दिग्गज सायकलपटू एडी मर्क्सच्या १९७२च्या विक्रमापेक्षा फक्त १० मीटर जास्त. आणि मग थांबला, वय ३२.

त्याचा एक हिशेब मुलाला जरूर सांगा. किती अंतर उरलंय, किती जोर लावतोय, हा जोर शेवटपर्यंत टिकेल का? ‘टिकेल’ असं उत्तर आलं तर जोर कमी पडतोय. ‘नाही टिकणार’ आलं तर उशीर झालाय. ‘कदाचित’ आलं पाहिजे. मी मुंबई-पुणे शर्यतीत उतरायचो तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. पनवेलपर्यंत मी वाघ असायचो आणि बोरघाटात सायकल हातात धरून उभा.

पगाराचं म्हणाल तर संघ अशा गड्याला नुसत्या घड्याळासाठी ठेवत नाहीत. जर्मनीचा टोनी मार्टिन टाइम ट्रायलचा चार वेळा विश्वविजेता, २०२१ला निवृत्त झाला. पण त्याचं रोजचं काम होतं घोळक्याच्या पुढे राहून तासन् तास वारा अंगावर घेणं, मागे त्याच्या संघाचा, शेवटी जोर मारणारा स्प्रिंटर निवांत. २०१३च्या स्पेनच्या शर्यतीत हा गडी जवळजवळ दिवसभर एकटा पुढे होता. शेवटची रेघ दिसत असताना घोळक्याने गाठलं, सातवा आला.

तेव्हा मुलाला घोळक्यात सायकल चालवायला शिकवाच. रविवारी गटाबरोबर पाठवा. कोपऱ्यावर दुसऱ्याच्या चाकाला चाक घासेल, एक-दोनदा कोपर सोलेल, चालेल. वजन कमी करायच्या नादात जेवण तोडत असेल तर मात्र कान धरा.

आणि पुढच्या पत्रात त्याची वेळ कळवा. अंतर, रस्ता आणि वारा कुठून होता तेही लिहा. वाऱ्याशिवाय नुसत्या मिनिटांवरून मला काही कळत नाही.