बाग पास झाली, भट्टीचं काय?

गोव्यातल्या पेडण्याच्या भाऊंची पोस्ट वाचली आणि माझंच जुनं दुखणं समोर आलं. भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काजूच्या बागेत शिंगखत (५००, म्हणजे गाईच्या शिंगात शेण भरून, जमिनीत पुरून केलेलं खत) सुरू केलंय, फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांसारखं 'बायोडायनॅमिक' फेणीच्या बाटलीवर लिहायचंय, निरीक्षक बाग बघून खूश होऊन गेला, आणि तरी प्रमाणपत्राचा कागद अडलाय. बरोबर ना?

५०० कसं करायचं ते तुम्हाला येतंच. एवढंच सांगतो, पाऊस पुरता सरल्याशिवाय शिंगं पुरू नका. चिऱ्याच्या जमिनीत खड्ड्यात पाणी तुंबलं की आतलं शेण हिरवंच राहतं. शिंग दगडावर आपटल्यावर काळा, भुसभुशीत गोळा पडला पाहिजे, वास रानातल्या मातीचा. शेणाचाच वास आला तर परत पुरा.

खरी मेख भट्टीत आहे. तिकडचा मळेवाला बहुधा आपल्याच तळघरात वाइन करतो. आपला रस जातो पावणीत (भट्टीच्या हक्काच्या लिलावात) ज्याला झोन, म्हणजे तो भाग, मिळाला त्याच्या भट्टीवर. डिमिटर (बायोडायनॅमिकचं प्रमाणपत्र) सेंद्रियच्या पायावरच उभं, आणि सेंद्रियमध्ये शेती वेगळी तपासतात, प्रक्रिया वेगळी. हे मी एका कार्यालयात आधीच विचारलं होतं. "बाग पास झाली की झालं," असं उत्तर मिळालं, अर्थात तोंडी. बोंडू पडायला लागल्यावर त्याच टेबलावरून कळलं की भट्टीचा अर्ज वेगळा, भाण (रस उकळायचं भांडं) धुतल्याची नोंदवही वेगळी आणि तपासणी जूननंतर. जूनमध्ये काय बघणार, पावसात विझलेली चूल? वर "तुमच्या फेणीला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे ना, मग?" अहो, २००९चा तो जीआय फेणीला आहे, माझ्या बागेला नाही! बोंडू साहेबांच्या सहीसाठी थांबत नाही. पडला की वेचायचा, नाहीतर सडला. सेंद्रियकडे वळण्याची, म्हणजे संक्रमणाची, ३ वर्षं सांभाळलेल्या बागेचा रस शेवटी सगळ्यांच्या रसात ओतला, सगळ्यांच्याच दराने.

माझं मत सांगतो. मी सल्लागार नाही, नियमही बदलतात, तेव्हा स्वतः खात्री करा. प्रत्येक उत्तर ईमेलवर मागा, साहेब कितीही गोड बोलला तरी. पावणी झाली की लगेच भट्टीवाल्याला गाठा. तुमचा रस आंबवायला वेगळी पिंपं आणि भाण धुऊन स्वतंत्र भट्टी लावणं, एवढं कबूल करून घ्या. थोडे जास्त पैसे मागेल, द्या. यीस्टची चिंता नको. युरोपातले लोक ज्या रानटी यीस्टचं कौतुक करतात, त्यावरच आपल्याकडे बोंडूचा रस पिढ्यान्‌पिढ्या आंबतोय.

बायोडायनॅमिकवाले कामं ज्यावर ठरवतात त्या चंद्राच्या पंचांगावर माझा फारसा विश्वास नाही. घरच्यांचा आहे, म्हणून पाळतो.

५०१बद्दल (शिंगात पुरलेली गारेची पूड, पाण्यातून फवारायची) विचारलंत. एकरी १ ग्रॅम पुरतं, तेही ऊन चढायच्या आत. झाडं पाण्याविना सुकलेली असतील तर मारूच नका. आणि ढेकण्यासाठी (कोवळी पालवी शोषणारी कीड) त्याच्यावर विसंबू नका. पालवी फुटली की रोज झाडाखाली जाऊन कोवळे शेंडे बघा, काळे डाग तिथेच आधी दिसतात.