एअरबॅगचा दिवा घालवायला पॉलिसी मोडू का?

प्रश्न : मी ठाण्यात राहतो. वय ४२, हातात येणारा पगार १ लाख ४० हजार. पत्नी गृहिणी, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. तीन वर्षांपूर्वी २०१४ची मर्सिडीज ई-क्लास डिझेल १२ लाखांना घेतली. त्यातले ९ लाख गृहकर्जावर टॉप-अप (वाढीव कर्ज) काढून उभे केले (९ टक्के, १५ वर्षं). जुलैपासून एअरबॅगचा लाल दिवा लागतो, मध्येच जातो, पुन्हा येतो. ताशी ३०च्या पुढे एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांचे दिवेही येतात. सकाळी गाडी जड सुरू होते. वर्कशॉपने २ लाख ८५ हजारांचं एस्टिमेट दिलं आहे. माझी मनी-बॅक पॉलिसी आठ वर्षं चालू आहे, हप्ता वर्षाला ९६ हजार. ती मोडली तर ५ लाख १० हजार मिळतील. एजंट म्हणतो, त्यातून गाडी करा आणि उरलेल्यात नवी ‘गॅरंटीड’ योजना सुरू करा. दुरुस्तीनंतर गाडीचे ९ लाख येतील असा अंदाज आहे. आत्ता जशी आहे तशी डीलर साडेपाच म्हणतो. शिवाय तो ६४ हजारांत दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटीही देतोय. एक इलेक्ट्रिशियन ४ हजारांत दिवा घालवून देतो म्हणतो. काय करू?

उत्तर : ४ हजारांचा मार्ग आधी बाद करा. तो माणूस सीटखालच्या सर्किटमध्ये रेझिस्टर (ठरावीक रोधाचा छोटा भाग) बसवणार आहे. एअरबॅगचं कंट्रोल युनिट प्रत्येक सर्किटचा रोध सतत तपासत असतं. तो ठरलेल्या मर्यादेत दिसला की त्याच्या लेखी सगळं ठीक. रेझिस्टर नेमका तोच आकडा दाखवतो. सीटच्या सेन्सरच्या जागी तो बसला तर सीटवर कोण आहे, कोणी आहे की नाही, हे युनिटला कधीच कळणार नाही. तो एअरबॅगच्या किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेच्या सर्किटवर बसला तर धडकेच्या वेळी ती उघडणारच नाही, आणि डॅशबोर्ड मात्र स्वच्छ दिसेल. काही जण तर हा दिवाच बंद करून टाकतात. म्हणून कोणीही ‘झालं काम’ म्हटलं की इग्निशन ऑन करून पाहा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बहुधा कोणीतरी हात मारलेला आहे.

दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडेल याची खात्री नसते. जुलैपासून तुम्ही मुलांना घेऊन याच गाडीतून फिरताय. तपासणी होईपर्यंत कुटुंबासाठी टॅक्सी करा.

आता एस्टिमेट. तुम्ही पाठवलेली फोड अशी : एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल ९२ हजार, शेजारच्या सीटची सेन्सर मॅट (सीटवर कोणी बसलंय का ते ओळखणारी) मजुरीसह ५८, स्टिअरिंगची क्लॉक स्प्रिंग (चाक फिरतानाही त्यातल्या वायरी जोडलेल्या ठेवणारी गुंडाळी) ४६, चारही चाकांचे स्पीड सेन्सर ३८, बॅटरी ३६, कोडिंग आणि इतर १५. वर्कशॉपने लबाडी केली असं मी म्हणत नाही. स्कॅनरने बिघाडाचे जे कोड दाखवले त्यासमोर भाग लिहून दिले आहेत. पण कोड फक्त कोणत्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. कोणता भाग गेला, हे मोजून शोधावं लागतं.

तुमच्याच पत्रात खुणा आहेत. बॅटरी २०१९ची आहे आणि गाडी जड सुरू होते. व्होल्टेज पडलं की या वयाच्या गाड्यांतली मॉड्यूल्स एकामागून एक खोटे कोड टाकतात, म्हणून सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट हवेत. १२.२च्या खाली असेल तर बदला. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ दिसले पाहिजेत, नाहीतर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे आहे. बॅटरी एजीएमच (काचतंतूंच्या मॅटची, सीलबंद) घ्या, बाहेर १८ ते २२ हजारांत मिळते. या मॉडेलच्या काही गाड्यांत छोटी सहायक बॅटरी वेगळी असते, तीही तपासून घ्या. नवी बॅटरी दोन-तीन दिवसांत पुन्हा बसू लागली, तर गाडी बंद करून तासाभराने करंट मोजायला सांगा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर काहीतरी जागं राहतंय.

दिवा जुलैत आला, म्हणजे पावसात. सनरूफची पाणी जाण्याची भोकं पालापाचोळ्याने तुंबली की पाणी खांबातून खाली उतरतं आणि कार्पेटखाली मुरतं. सीटखालचे पिवळे कनेक्टर तिथेच असतात. पायाखालची मॅट उचलून कार्पेट हाताने दाबून पाहा, पाणी मुरलं असेल तर ओलं लागेल. सीट पुढे-मागे करतानाही हेच कनेक्टर ढिले होतात. कनेक्टरचं काम घरी करू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय पिवळ्या प्लगला हात लावायचा नसतो, आणि एअरबॅगच्या टोकांना मल्टीमीटर तर कधीच लावायचा नसतो. जाणकाराला कनेक्टर साफ करणं, सुकवणं, घट्ट बसवणं हे तासा-दोन तासांचं काम आहे.

क्लॉक स्प्रिंग गेली की बहुधा हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही दगा देतात. तुमची चालू आहेत, म्हणजे तिच्यावर पहिला संशय नको. येणारा-जाणारा दिवा पाहता ९२ हजारांचं मॉड्यूलही शेवटी. चाकांचे चार सेन्सर एकदम जाणं दुर्मीळच. स्कॅनर लावून ताशी २०ने गाडी चालवा आणि चारही चाकांचे आकडे शेजारी-शेजारी पाहा. जो मागे पडतो किंवा शून्य दाखवतो, तो एक बदला. त्याआधी त्याची वायर घासली आहे का आणि बेअरिंगवरची रिंग गंजली आहे का, तेही बघायचं.

म्हणजे क्रम असा : बॅटरी, कनेक्टर, एक सेन्सर, कोड साफ करून १०० किलोमीटर, पुन्हा स्कॅन. खर्च ३५ ते ४० हजार. त्यानंतरही मॅटचाच कोड आला तर मॅट, मग ९५ हजारांपर्यंत जाल. चॅसी नंबर देऊन कंपनीकडे प्रलंबित रिकॉल आहे का तेही विचारा. ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट उष्ण-दमट हवेत बिघडतं म्हणून जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. रिकॉलचं काम फुकट होतं, तुम्ही दुसरे मालक असलात तरी.

वॉरंटी घेऊ नका. तिच्या अटींची जी पानं तुम्ही पाठवलीत त्यांत सेन्सर, वायरिंग, एअरबॅग आणि ‘आधीपासून असलेले दोष’ वगळलेले आहेत. तुमच्या गाडीत बिघडलंय ते नेमकं हेच. ६४ हजार देऊन काहीही विकत मिळत नाही. मोटर विम्यावरही भिस्त नको. इलेक्ट्रिकल बिघाड त्यात बसत नाही. अपघातात एअरबॅग उघडल्या तरी झीरो-डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर एअरबॅग आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, आणि अकरा वर्षांच्या गाडीला झीरो-डेप मिळणं कठीण.

इथवर तुम्ही विचारलेलं झालं. खरी अडचण पत्राच्या मधल्या ओळीत आहे : गाडीसाठी गृहकर्जावर १५ वर्षांचा टॉप-अप.

९ लाखांचा हप्ता साधारण ९,१०० रुपये. तीन वर्षांत ३ लाख ३० हजार भरलेत, त्यातलं मुद्दल जेमतेम १ लाख फिटलं. अजून ८ लाख बाकी आहेत आणि गाडी साडेपाच-सहाची उरली आहे. पूर्ण मुदत भरलीत तर ९ लाखांचे १६ लाख ४० हजार होतील. नोंदणीची १५ वर्षं २०२९मध्ये संपतील आणि हप्ते त्यानंतरही आठ वर्षं चालतील. ‘गृहकर्जाचा दर स्वस्त’ हे सांगणाऱ्याने मुदत सांगितली नसावी. स्वस्त दराने लांब मुदतीला घेतलेलं कर्ज घरासाठी ठीक, झिजणाऱ्या वस्तूसाठी नाही.

शिवाय गाडी १२ लाखांना मिळाली तरी तिचे सुटे भाग पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. चाकणला जोडलेली असली तरी. तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला : वर्षाला घसारा २ लाख, व्याज पाऊण लाख, देखभाल १ लाख १० हजार, विमा ३४ हजार. झाले सव्वाचार लाखांच्या आसपास. गाडी वर्षाला चालते ६ हजार किलोमीटर, म्हणजे डिझेल न धरता किलोमीटरला ७० रुपये. एवढ्यात टॅक्सीने दुपटीहून जास्त फिराल.

दुरुस्तीनंतर ९ लाख येतील ही आशा सोडा. तीन लाख घातले म्हणून बाजार तीन लाख वाढवून देत नाही, तो वर्ष पाहतो. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या अशा गाड्या इतर राज्यांत स्वस्तात आल्या, त्याचाही दाब भावावर आहे. दिवे विझलेल्या गाडीचे ६ लाख धरा. म्हणून ४० हजारांची तपासणी करा, लागली तर मॅटही बदला, पैसे तुमच्या २ लाख २० हजारांच्या एफडीतून घ्या आणि गाडी विका. मॉड्यूलच गेलेलं निघालं तर दुरुस्ती न करता, दोष लेखी सांगून, आहे तशी डीलरला द्या.

आलेले ६ लाख सगळेच्या सगळे टॉप-अपमध्ये भरा. नव्या गाडीचं डाउन पेमेंट म्हणून नाही. फ्लोटिंग दराच्या अशा कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. बँकेला लेखी सांगा : हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. उरलेले २ लाख याच हप्त्याने दोन वर्षांत संपतात, बाराऐवजी दोन. विकताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० स्वतः पूर्ण करून घ्या, आणि विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं पत्र घ्या. तो बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही.

राहिली पॉलिसी. गृहकर्ज ३८ लाख आणि टॉप-अप ८, मिळून डोक्यावर ४६ लाख. विमा किती? पॉलिसीचे १५ लाख आणि ऑफिसचे १०. उद्या तुम्हाला काही झालं तर कर्जच फिटत नाही, घरखर्चाला एक रुपया उरत नाही. आठ वर्षं ९६ हजार भरून हाती १५ लाखांचं संरक्षण आणि भरलेल्या ७ लाख ६८ हजारांचे ५ लाख १० हजार. असं उत्पादन दोन मुलांच्या कर्जदार बापाला विकणाऱ्याचा मला राग येतो, आणि तोच माणूस आता दुसरं घेऊन आला आहे.

तुम्हाला दीड कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) हवा, ६० वर्षांपर्यंत. तब्येत चांगली आणि तंबाखू नसेल तर वर्षाला ढोबळमानाने ३० ते ४० हजार. अर्जात आजार, सवयी, आधीच्या पॉलिसी सगळं खरं लिहा. टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीला हात लावू नका. मग जुनी मोडू नका, हप्ते थांबवून ती पेड-अप करा, म्हणजे ती कमी रकमेवर चालू राहते. ९६ हजारांतून टर्मचा हप्ता जाऊन ५५-६५ हजार उरतील. पहिल्या वर्षी त्यातून एफडी भरून काढा, कारण सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च धरले तर ती आत्ताच अपुरी आहे.

‘गॅरंटीड’ योजनेवर सही करून झाली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज एजंटकडे देऊ नका. कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या.