मिडवेला निघण्याआधी

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद. अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांच्या डिसेंबरातल्या घरटी-मोजणीसाठी प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांवर निघते आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. दुर्बीण कोणती घेऊ, असं विचारलंस. तिचं फारसं काम पडणार नाही, अल्बट्रॉस अगदी पायाशी बसलेले असतात. शिसपेन्सिली मात्र भरपूर ने आणि अक्षर सुवाच्य काढ.

का सांगतो. १९५६ साली पक्षितज्ज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी तिथे लेसन अल्बट्रॉस जातीच्या एका मादीच्या पायात ओळखीचं, नंबर असलेलं कडं घातलं. २००२ मध्ये तीच मादी पुन्हा त्यांच्याच हाती आली, पण हे उमगलं जुन्या नोंदी चाळल्यावर. मधल्या वर्षांत कडी झिजली, बदलली गेली. दर वेळी कुणीतरी जुन्या नंबराशेजारी नवा नंबर नीट लिहून ठेवला होता. त्यातल्या एकानं जरी गिचमिड केली असती, तर २०२४ मध्ये अंडं घालणारी ही मादी, म्हणजे विज्डम, किमान चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, हे कुणालाच कळलं नसतं.

मोजणी तशी सोपी. रांगेत चालायचं, अंड्यावर बसलेला पक्षी दिसला की क्लिकर दाबायचा, घरट्यापाशी रंगाचा ठिपका द्यायचा. अशी लाखो घरटी. दुपारनंतर डोळे शिणतात, बोट आपोआप दाबत राहतं. तेव्हा सरळ थांब, पाणी पी. आणि आकड्यात न बसणारं काही दिसलं तर तेही समासात लिही. २०१५ च्या अखेरीस तिथे बसल्या पक्ष्यांच्या मानेवर जखमा दिसू लागल्या. रात्री कॅमेरे लावले, तेव्हा कळलं की छोटे उंदीर जिवंत पक्ष्यांना कुरतडताहेत आणि पक्षी अंडं सोडून उठत नाहीत. मला ती गोष्ट अजून अस्वस्थ करते.

वाळूत बोनिन पेट्रेल या छोट्या समुद्रपक्ष्याची बिळं असतात. पाय खचला तर पुढे जाऊ नकोस, रांग थांबव. गुडघ्यावर बसून हातानं वाळू उपस, आत पक्षी अडकला नाही ना बघ आणि बिळाचं तोंड मोकळं करून मगच ऊठ.

सामान भरताना मोजे उलटे करून बघ, बुटांच्या शिवणी आणि वेल्क्रो ब्रशनं साफ कर. बाहेरून आलेल्या व्हर्बेसिना नावाच्या तणानं तिथली घरट्यांची जागा व्यापली होती, ते काढायला माणसांना वर्षानुवर्षं राबावं लागलं. नवं बी तुझ्याकडून जायला नको.

पोचलीस की कळव.

तुझा,
काका