नागपूरच्या भोसल्यांच्या राजवाड्यातलं आज काय उरलंय?

तुम्ही विचारलंय की नाग नदीच्या बाजूला भोसल्यांचा मोठा राजवाडा होता म्हणतात, मग आता तो दिसत का नाही. वाडा होता, तो महालात. त्या भागाला महाल म्हणतात तेच त्यामुळे. काळ्या दगडाचं बांधकाम आणि त्यावर लाकडाचं भरगच्च कोरीवकाम. 1864 साली तो जळाला.

पण माझ्या मते राजवाडा संपायला आगीच्या आधीच सुरुवात झाली होती. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये गेले, औरस वारस नव्हता, डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. मग हत्ती, घोडे, दागिने लिलावात निघाले. दुसऱ्या रघूजींच्या विधवा राणी बांकाबाईंनी विरोध केला, पण ऐकतो कोण! त्यामुळे दहा वर्षांनी आग लागली तेव्हा तो पुन्हा उभारायला ना राज्य होतं ना खजिना. पुण्याचा शनिवारवाडाही 1828 मध्ये असाच जळाला, पण त्याचा तट आणि जोती तरी राहिली. आपल्याकडे राहिला तो नगारखान्याचा मोठा दरवाजा.

तेव्हा महालात जाल तर शनिवारवाडा डोक्यात ठेवून जाऊ नका, हिरमोड होईल. आधी गांधी गेट बघा. हा खरा जुम्मा दरवाजा, भोसल्यांच्याही आधीचा, गोंड राजा चांद सुलतानच्या तटातला. तिथून पुढे गर्दीतून, दुकानांच्या पाट्या आणि वायरी नजरेआड करत नगारखाना. मग थोरल्या घराण्याचा वाडा, ज्याला सगळे सीनियर भोसला पॅलेस म्हणतात. तिथे आजही वंशज राहतात, त्यामुळे उगाच आत घुसू नका.

नदीचं म्हणाल, तर भोसल्यांचा खरा नदीकाठ जुनी शुक्रवारी या भागात आहे. काशीबाईचं देऊळ आणि राजघराण्याच्या समाध्या तिथे आहेत. मला विचाराल तर दगडातलं काम बघायला महालापेक्षा हीच जागा भारी. फक्त नाग नदीची आजची अवस्था नाल्याची आहे, तेवढी नाकाची तयारी ठेवा.

वेळ निवडता येत असेल तर पितृपक्षात या. तेव्हा भोसल्यांच्या वाड्यात मस्कऱ्या गणपती बसतो, काही जण त्याला हाडपक्या म्हणतात. बंगालच्या स्वारीतून परतलेल्या खंडोजी ऊर्फ चिमणाबापूंनी ही प्रथा सुरू केली असं सांगतात. दर्शनाच्या निमित्ताने वाडाही बघून होतो.