ब्रेक्झिटसारख्या अटीतटीच्या सार्वमताचा कौल राजकारण्यांनी पाळायलाच हवा का?

हो, पाळायलाच हवा. कायद्याने तो कौल केवळ सल्ला होता, हे खरं. पण ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं का, यावरच्या २३ जून २०१६ च्या मतदानाआधी ब्रिटिश सरकारने घरोघरी एक पत्रक पाठवलं होतं. त्यात सरळ छापलं होतं की निर्णय तुमचा आहे, तुम्ही जे ठरवाल ते सरकार अमलात आणेल. हा दिलेला शब्द होता. ५१.९ टक्के लोक 'बाहेर पडा' म्हणाल्यावर तो फिरवणं म्हणजे मत देणाऱ्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे.

मात्र मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते: युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं. बाहेर पडून संघाच्या सामायिक बाजारपेठेत राहायचं का, उत्तर आयर्लंडच्या आयर्लंडशी असलेल्या सीमेचं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं. इथे उरलेल्या ४८.१ टक्क्यांना सोबत घ्यायला भरपूर वाव होता. स्कॉटलंडने तर ६२ टक्क्यांनी 'राहा' म्हटलं होतं! तो वाव वाया घालवला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण गोव्याच्या सार्वमताचं, १६ जानेवारी १९६७ चं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. दोन पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. विलीनीकरणासाठी जिवाचं रान केलेले भाऊसाहेब बांदोडकर त्याच वर्षी पुन्हा निवडून आले आणि १९७३ मध्ये निधन होईपर्यंत त्याच वेगळ्या गोव्याचा कारभार त्यांनी मुख्यमंत्री म्हणून पाहिला.