वाचक विचारतात : मतं 'करेक्ट'ची, रेकॉर्ड मात्र वेगळीच

प्रश्न : चोरबाजारातून घेतलेल्या नाट्यसंगीताच्या एलपीची मी डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या ऑनलाइन डेटाबेसवर नोंद केली. तिथल्या दोघा सदस्यांनी 'करेक्ट' म्हणून मत दिलं. नंतर पाहिलं, तर कव्हरवर नंबर ईसीएसडीने सुरू होतो आणि रेकॉर्डच्या लेबलवर ईसीएलपीने. मग त्या दोघांनी तपासलं तरी काय?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : बहुधा तुमचा फॉर्म तपासला. डिस्कॉग्जवर मतांचे पर्याय साधारण असे आहेत : 'कम्प्लीट अँड करेक्ट', 'करेक्ट', 'नीड्स मायनर चेंजेस', 'नीड्स मेजर चेंजेस' आणि 'एन्टायरली इनकरेक्ट'. मत देणाऱ्याच्या हातात ती रेकॉर्ड आहे की नाही, हे यंत्रणेला कळत नाही. त्यामुळे तो दिसतं तेवढंच पाहतो : श्रेयनामावली योग्य रकान्यात आहे का, फॉरमॅट भरला आहे का, फोटो जोडला आहे का. एवढं तपासणंही कामाचंच आहे, पण लेबलवरचा नंबर त्यातून कळत नाही. शिवाय दुसऱ्याला पहिल्याचं मत आधीच दिसत असतं. म्हणून दोन मतं म्हणजे दोन स्वतंत्र तपासण्या, असं धरून चालू नका.

आता तुमच्या नंबरांचं. एचएमव्हीच्या एलपींवर ईसीएलपी मोनोसाठी आणि ईसीएसडी स्टीरिओसाठी वापरलं जाई. दोन्ही एकाच जोडीत दिसले तर पहिला संशय कव्हरवर घ्या. मटण स्ट्रीटवर फाटकं कव्हर टाकून दुसऱ्या प्रतीचं धड कव्हर चढवणं काही नवलाचं नाही. कव्हरच्या मागची गाण्यांची यादी आणि दोन्ही बाजूंच्या लेबलांवरचा क्रम ओळीने ताडून पाहा. मग शेवटच्या खोबणीनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला किंवा ठोकलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे रेकॉर्डच्या साच्याचा नंबर, वाचा. ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, नुसती चकाकी येते. खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डच्या कडेला जवळजवळ आडवा धरा आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवा; अक्षरं सावलीने उठून येतात. दोन्ही बाजूंचे नंबर मोकळ्या जागांसकट जसेच्या तसे उतरवा. लेबलवर छापलेला मॅट्रिक्स आणि पट्ट्यात कोरलेला मॅट्रिक्स वेगवेगळ्या ओळींत लिहा, एकत्र कालवू नका.

कव्हर परकं आहे याची खात्री पटली, तर त्या जोडीला 'नवी आवृत्ती' ठरवून वेगळं पान उघडू नका. सर्वात जास्त घोळ इथेच होतो : कंपनीने कधी न काढलेली आवृत्ती डेटाबेसवर जन्माला येते, आणि विक्रेते तिला दुर्मिळ म्हणून भाव लावतात. खात्री नसेल तर दोन्ही नंबर द्या, कोणता कुठे छापला आहे ते नोट्समध्ये लिहा, आणि दोन्ही लेबलांचे व मॅट्रिक्सचे फोटो जोडा. बदलाच्या कारणात 'चूक सुधारली' एवढंच लिहू नका. 'लेबलवर ईसीएलपी, कव्हरवर ईसीएसडी. फोटो 3 ते 6 पाहा' असं लिहा. बदल केला की नोंद पुन्हा 'नीड्स व्होट'मध्ये, म्हणजे मताच्या प्रतीक्षेत, जाते आणि मराठी रेकॉर्डकडे पुन्हा कोणी फिरकेलच असं नाही. त्याची फिकीर नको; फोटो मतांवाचूनही बोलतात.

प्रश्न : म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या ऑनलाइन डेटाबेसवर एकही मत न पडता नोंदीतला बदल मंजूर होतो, हे खरं का? उद्या कुणी मास्टर कृष्णराव आणि कृष्णराव शंकर पंडित यांना एकच समजून नोंदी एकत्र केल्या तर?
– एक वाचक, दादर

उत्तर : खरं आहे. मतदानाला टाकलेला बदल साधारण 7 दिवस खुला राहतो. त्यात विरोध न होता 3 होकार मिळाले तर तो लगेच लागू होतो, होकार न मिळता 3 नकार आले तर लगेच फेटाळला जातो. कुणीच मत दिलं नाही तर मुदतीनंतर तो लागू होतो. इंग्रजी पॉप संगीताच्या नोंदींवर लक्ष ठेवणारे पुष्कळ, म्हणून तिथे हा नियम चालून जातो. नाट्यसंगीताच्या नोंदींवर लक्ष ठेवणारा एखादाच असला, तर शांतता ही संमती ठरते. आमच्या मते या पद्धतीतली सर्वात मोठी भेग हीच. त्यातून ऑटो-एडिटर, म्हणजे विशेष अधिकार मिळालेल्या सदस्यांचे बरेचसे बदल मतदानाला न थांबता लागू होतात.

तुमचं उदाहरण अगदी शक्यतेतलं आहे. मास्टर कृष्णराव म्हणजे फुलंब्रीकर (1898–1974), रंगभूमी आणि चित्रपटांतले. कृष्णराव शंकर पंडित (1893–1989) ग्वाल्हेर घराण्याचे. नुसतं 'कृष्णराव' दिसलं की गल्लत होते. एकत्र झालेल्या नोंदी एका बटणाने सुट्या होत नाहीत. नवा कलाकार तयार करून एकेक ध्वनिमुद्रण हाताने हलवावं लागतं. म्हणून आधीच बंदोबस्त करा. दोन्ही नोंदींत 'डिसअँबिग्युएशन'च्या रकान्यात घराणं किंवा क्षेत्र लिहा, जन्म-मृत्यूची वर्षं भरा, पर्यायी नावं 'एलियस'मध्ये टाका. मग दोन्ही कलाकारांना 'सबस्क्राइब' करा. खुल्या बदलांची सूचना ईमेलवर येते. असा बदल दिसला तर नकार द्या आणि सोबत पुरावा लिहा. मुदत संपत आली असली, तरी पहिल्या नकारानंतर बदल किमान 72 तास खुला ठेवला जातो, इतरांना बोलावण्यापुरता तेवढा वेळ मिळतो. मात्र ओळखीच्या दहा जणांना खाती उघडायला लावून नकार गोळा करू नका. नवख्या खात्याला लगेच मताधिकार मिळत नाही, आणि असा गठ्ठा लपतही नाही.

प्रश्न : दोनच मतं पडलेला अल्बम 5 ताऱ्यांनी यादीत सर्वात वर कसा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : साधी सरासरी काढल्यामुळे. यादी स्वतः लावायची असेल तर प्रत्येक अल्बमला आधी 10 काल्पनिक मतं द्या, समजा 3.8 ताऱ्यांची. मग दोन मतांचा 5 तारेवाला (38 + 10) ÷ 12 म्हणजे 4 वर येतो. 200 मतांचा 4.5 वाला (38 + 900) ÷ 210 म्हणजे सुमारे 4.47 वर राहतो आणि वर चढतो. आणखी एक : डिस्कॉग्जवर तारे प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र मिळतात, त्यामुळे एकाच एलपीची मतं तीन पानांवर विखुरलेली असू शकतात. म्युझिकब्रेन्झवर ती रिलीज ग्रुपला, म्हणजे सगळ्या आवृत्त्यांना मिळून पडतात. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.